विश्लेषण : ना नवा पिकअप, ना नव्या तारा… तरीही जेम्स जेमर्सन यांचा बास वेगळा का वाजला?

बास गिटारचा आवाज मनासारखा येत नसेल, तर अनेक वादक आधी पिकअप बदलायला निघतात. मात्र ज्यांच्या टोनच्या शोधात आजही वादक असतात, त्या जेम्स जेमर्सन यांनी पिकअप बदलला नाही आणि तुटल्याशिवाय तारही बदलली नाही. त्यांचा आवाज कोट्यवधी घरांत पोहोचला, नाव मात्र बरीच वर्षे कुणाला ठाऊक नव्हते.

जेमर्सन कोण होते?

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनाच्या एडिस्टो बेटावर २९ जानेवारी १९३६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९५४ मध्ये ते डेट्रॉइटला आले आणि शाळेत उभा डबल बास शिकले. १९५९ पासून ते ‘मोटाऊन’ या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत वाजवू लागले. ‘माय गर्ल’, ‘यू कान्ट हरी लव्ह’ अशा गाण्यांतील बास त्यांचाच. तेथील वादकांचा संच ‘फंक ब्रदर्स’ म्हणून ओळखला जाई. रेकॉर्डवर मात्र गायकांची नावे छापली जात, वादकांची नाही.

त्यांचा टोन कसा घडला?

त्यांच्याकडे १९६२ची फेंडर प्रिसिजन बास होती. तिच्यावर जाड, फ्लॅटवाउंड तारा असत. या तारांवरचे वेटोळे गोल तारेचे नसून चपट्या पट्टीचे असते, त्यामुळे झणझणाट कमी येतो. तारा जुन्या होत गेल्या की आवाज आणखी मऊ होतो. ब्रिजवरील धातूच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे. तो तारांना टेकल्यामुळे सूर लांबत नसे. ‘धप्प’ असा भरीव ठोका उमटून लगेच विरत असे. त्यामुळे ढोल आणि बास एकमेकांत मिसळत, पण गिचमीड होत नसे. डबल बासच्या सवयीने ते उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने तारा छेडत. या एका बोटाला ‘द हुक’ असे नाव पडले होते.

पिकअप बदलून हा टोन मिळतो का?

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. पोलादी तार कंप पावली की त्यात वीज निर्माण होते आणि ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. नव्या पिकअपने आवाजाची पातळी, गुणगुण किंवा उच्च-खर्ज स्वरांचा समतोल बदलू शकतो. पण तारेत जे कंपन आहे, तेच तो पकडतो. सूर किती वेळ टिकणार हे फोम, तारा आणि बोट आधीच ठरवून टाकतात. जेमर्सन यांचा टोन हवा असेल, तर फोमचा तुकडा आणि फ्लॅटवाउंड तारा हा आधीचा आणि स्वस्त उपाय ठरतो.

मग ते मागे का पडले?

१९७१ मध्ये मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर अखेर त्यांचे नाव झळकले. पण पुढच्याच वर्षी मोटाऊनने बस्तान लॉस एंजेलिसला हलवले. जेमर्सनही तिकडे गेले. तोवर राउंडवाउंड तारांचा चकचकीत आवाज आणि अंगठ्याने तार ठोकण्याची ‘स्लॅप’ शैली रुजू लागली होती. जेमर्सन आपली पद्धत सोडायला फारसे तयार नव्हते. कामे कमी होत गेली, मद्याचे व्यसन वाढत गेले. मृत्यूच्या काही काळ आधी त्यांची ती प्रिसिजन बास चोरीला गेली. २ ऑगस्ट १९८३ रोजी, वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ओळख कधी मिळाली?

१९८९ मध्ये त्यांच्या जीवनावर आणि वादनावर पुस्तक आले. २००० मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला आणि २००२ मध्ये फंक ब्रदर्सवर माहितीपट निघाला. आज फोमचे म्यूट आणि फ्लॅटवाउंड तारा पुन्हा मागितल्या जातात. ज्या जुन्या आवाजामुळे जेमर्सन यांची कामे गेली, त्याच आवाजासाठी आता वादक पैसे मोजतात.