श्रद्धावंताचा विरोध

राष्ट्राला देवपण देऊ नका, असे एखाद्या नास्तिकाने बजावले तर त्यात नवल नाही. येशायाहू लायबोवित्झ यांनी ते धर्मनिष्ठ ज्यू म्हणून बजावले. म्हणूनच इस्रायलला ते अधिक झोंबले.

१९०३ साली रीगा येथे जन्मलेल्या लायबोवित्झ यांनी बर्लिनमध्ये रसायनशास्त्र व तत्त्वज्ञान आणि पुढे बाझेल येथे वैद्यक यांचे शिक्षण घेतले. हिटलरशाहीच्या उदयानंतर ते जेरुसलेमला आले आणि तेथील हिब्रू विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. हिब्रू विश्वकोशाच्या अनेक खंडांचे संपादनही त्यांच्याकडे होते. धर्माज्ञा ते काटेकोरपणे पाळत. ज्यूंचे स्वतंत्र राज्य असावे, याविषयीही त्यांना शंका नव्हती.

१९५३ साली इस्रायली सैनिकांनी किबिया गावावर सूडाचा हल्ला करून साठाहून अधिक अरब ग्रामस्थांचे प्राण घेतले. त्यावर लायबोवित्झ यांनी लेखणी उचलली. भूमी, राज्य आणि सैन्य यांना पावित्र्य बहाल केले की त्यांच्या नावाने केलेले कोणतेही कृत्य क्षम्य ठरू लागते, असा त्यांचा इशारा होता.

१९६७ च्या युद्धानंतर देश विजयाच्या धुंदीत असताना जिंकलेला अरब मुलूख सोडून द्यावा, असे ते सांगू लागले. लाखो परक्या माणसांवर त्यांच्या मर्जीविरुद्ध राज्य करायचे, तर गुप्त पोलिसांचे प्रस्थ माजणार आणि राज्यकर्ता समाजच आतून किडणार, हा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे लेबनॉन युद्धाच्या काळात त्यांनी लष्करी सेवा नाकारणाऱ्या सैनिकांची बाजू घेतली.

त्यांची वाणी मात्र निष्ठुर होती. स्वकीयांच्या वर्तनासाठी त्यांनी नाझींची उपमा वापरली. छळछावण्यांतून वाचलेल्यांना ती किती जिव्हारी लागली असेल, हे सांगायला नको. १९९३ साली त्यांना इस्रायल पारितोषिक जाहीर होताच वादळ उठले. पंतप्रधान राबिन यांनी समारंभाला न जाण्याचे ठरविले, आणि लायबोवित्झ यांनीच पारितोषिक नाकारून वाद मिटविला. पुढच्याच वर्षी जेरुसलेममध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या उपमेचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु कठोर शब्दांचा निषेध केला म्हणजे त्यामागील प्रश्न सुटतो, असेही नाही. जॉर्डनचा पश्चिम तीर आजही इस्रायलच्या ताब्यात आहे आणि तेथील पॅलेस्टिनी जनता आजही लष्करी अंमलाखाली आहे. लायबोवित्झ यांना घरभेदी ठरविणे सोपे होते. त्यांना उत्तर देणे अद्याप बाकी आहे.