दगडावरच्या रेषांचा वाचक

बँकेतल्या नोकरीत हजारो सह्या पडताळल्या. त्यामुळे रेषा वाचणाऱ्या माणसांविषयी मला आपुलकी वाटते. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंरी ब्रय हे त्यांतले मेरुमणी.

१८७७ साली नॉर्मंडीत त्यांचा जन्म झाला. १९०० मध्ये ते धर्मगुरू झाले. मन मात्र रमले अश्मयुगीन गुहांत. पुढच्याच वर्षी दोर्दोन्य परिसरातल्या ले काँबारेल गुहेत त्यांना दोन सहकाऱ्यांसह भिंतींवर कोरलेले घोडे आणि मॅमथ आढळले. एकावर एक कोरलेल्या रेषांच्या गुंत्यातून एकेक प्राणी सोडवायचा आणि कागदावर उतरवायचा, हेच मग त्यांचे व्रत झाले. शिकार साधावी म्हणून केलेली ही जादू, असा अर्थ त्यांनी लावला.

१९१४ मध्ये सापडलेल्या त्रोआ-फ्रेर गुहेतला, त्यांनी रेखाटलेला शिंगधारी ‘जादूगार’ जगभर गाजला. छायाचित्रांत मात्र ती शिंगे स्पष्ट दिसेनात. काही अभ्यासकांनी शंका घेतली. काहींनी भिंतीवर बारीक रेषा असल्याची ग्वाही दिली.

१९६१ मध्ये ब्रय गेले. त्यांनी लावलेला अर्थ पुढच्या संशोधकांना अपुरा वाटला. त्यांची रेखाटने मात्र आजही अभ्यासली जातात. सही जुळली, तरी सही करणाऱ्याचे मन कळतेच असे नाही!