एलिसन ओनिझुका : पहिल्याच उड्डाणाने दिलेला इशारा

२८ जानेवारी आली की आकाशात दुभंगलेल्या पांढऱ्या धुराचे ते छायाचित्र पुन्हा फिरू लागते. चॅलेंजर यानातल्या त्या सात जणांपैकी एक बौद्ध होते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव एलिसन ओनिझुका. केवळ बौद्ध होते म्हणून आम्ही त्यांची आठवण काढत नाही. त्यांच्या मृत्यूची सूचना त्यांच्याच आधीच्या उड्डाणाने वर्षभर अगोदर दिली होती. ज्या अभियंत्यांनी ती ओळखली, त्यांचे कुणी ऐकले नाही.

ओनिझुका यांचा जन्म २४ जून १९४६ रोजी हवाई बेटांवरील केआलाकेकुआ येथे, जपानी वंशाच्या बौद्ध कुटुंबात झाला. आजी-आजोबा मळ्यात मजुरी करायला जपानहून आलेले. कोना हा त्यांचा मुलूख कॉफीच्या बागांचा. तिथल्याच शाळेतून १९६४ साली ते बाहेर पडले, कोलोरॅडो विद्यापीठात एरोस्पेस अभियांत्रिकी शिकले आणि १९६९ या एकाच वर्षात पदवी व पदव्युत्तर पदवी दोन्ही घेऊन मोकळे झाले. त्याच वर्षी लग्न झाले. पुढे दोन मुली झाल्या. १९७० मध्ये ते हवाई दलात गेले आणि विमानांच्या चाचण्या घेणारे अभियंता झाले. म्हणजे यंत्रातला दोष माणसाच्या जिवावर बेतण्याआधी शोधून काढणे, हेच त्यांचे काम होते. १९७८ साली नासाने निवडलेल्या पस्तीस जणांत ते होते.

पहिले उड्डाण २४ जानेवारी १९८५ रोजी झाले. यान डिस्कव्हरी, मोहीम संरक्षण खात्याची, गुप्त. आशियाई वंशाचा अमेरिकन माणूस पहिल्यांदा अंतराळात पोहोचला. कडाक्याच्या थंडीमुळे हे उड्डाण एक दिवस पुढे ढकलले होते. तीन दिवसांनी सगळे सुखरूप परतले, अभिनंदने झाली.

पण समुद्रातून परत आणलेले बूस्टर रॉकेट उघडल्यावर अभियंते हादरले. हे रॉकेट तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असते. प्रत्येक सांध्यात जेमतेम पाव इंच जाडीची, पण सुमारे बारा फूट व्यासाची रबरी कडी बसवतात, आणि तिच्यामागे आधाराला दुसरी. आतला जळता वायू बाहेर पडू न देणे एवढेच त्यांचे काम. थंडीत रबर कडक होते, चटकन पसरून फट बुजवत नाही. ओनिझुका यांच्या त्या उड्डाणात दोन सांध्यांत वायू पहिली कडी ओलांडून गेला होता. दोन कड्यांमधले ग्रीस काळे पडले होते. दुसरी कडी टिकली म्हणून पाच माणसे घरी आली.

रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतले अभियंता रॉजर बोजोले यांनी जुलै १९८५ मध्ये वरिष्ठांना लेखी कळवले की हा दोष दूर केला नाही तर माणसे जातील. उड्डाणे चालूच राहिली. गेल्या वेळी वाचलो म्हणून यंदाही वाचू, या विचारात कार्यकारणभाव कुठेच नाही. ती निव्वळ श्रद्धा झाली, आणि ती विज्ञानाच्या घरात नांदत होती.

२७ जानेवारी १९८६ ची रात्र. फ्लोरिडात पारा गोठणबिंदूखाली उतरत होता. फोनवरून झालेल्या बैठकीत थायोकोलच्या अभियंत्यांनी सांगितले की ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नका. हा ५३ चा आकडा कुठून आला? ओनिझुका यांच्याच पहिल्या उड्डाणातून. तेव्हा सांध्याचे तापमान तेवढे होते. नासाच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागते; त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा भार अभियंत्यांवर टाकला गेला. शेवटी कंपनीच्या चार व्यवस्थापकांनी अभियंत्यांना बाजूला ठेवून संमती दिली. ज्यांना सकाळी यानात बसायचे होते त्यांना या वादाचा पत्ताही नव्हता. ओनिझुका स्वतः चाचणी अभियंता होते. त्यांना कुणी विचारले असते तर, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी चॅलेंजर उडाले. ७३ सेकंदांनी इंधनाची टाकी फुटून यान हवेतच तुटले. सगळे एका क्षणात संपले, असे आजही सांगितले जाते. तसे नव्हते. माणसांची केबिन जवळजवळ अखंड राहिली आणि पावणेतीन मिनिटांनी समुद्रावर आदळली. नंतर सापडलेल्या आपत्कालीन हवेच्या चार संचांपैकी तीन सुरू केलेले होते. निदान काही जण तुटल्यानंतरही शुद्धीवर होते. बाहेर पडायला मात्र मार्ग नव्हता. सुरुवातीच्या चाचणी उड्डाणांत दोघा वैमानिकांपुरती असलेली सुटकेची आसने पुढे काढून टाकली होती. ओनिझुका ३९ वर्षांचे होते. होनोलुलूच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांना दफन केले आहे, आणि कोनाच्या विमानतळाला आज त्यांचे नाव आहे.

त्यांनी सोबत एक फुटबॉल नेला होता, मुलीच्या शाळेतल्या संघाने सह्या करून दिलेला. समुद्रातल्या अवशेषांत तो सापडला. पुढे अनेक वर्षे तो शाळेच्या काचेच्या कपाटात होता. २०१६ मध्ये अंतराळवीर शेन किंब्रो यांनी तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेला, आणि परत आणला.