कुरणावर गेलेली शाळा

भाताची झोडणी आटोपली, दिवाळी सरली, की डहाणू तालुक्यातील सायवन परिसरात पाड्यापाड्यावरील कुटुंबे वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात आणि शाळेचा हजेरीपट विरळ होऊ लागतो. अशा वेळी आपण शिकलेली माणसे पालकांच्या अज्ञानाला बोल लावून मोकळी होतो. याच तालुक्यात उत्तरायुष्य वेचणाऱ्या ताराबाई मोडक यांनी मात्र हा सोयीचा निष्कर्ष कधी स्वीकारला नाही.

१८९२ साली जन्मलेल्या ताराबाई प्रार्थनासमाजाच्या सुधारकी वातावरणात वाढल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. संसार फार काळ टिकला नाही. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून १९२३ साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. एवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते. परंतु माँटेसरीची साधने विकत घेणे सुखवस्तू घरांनाच परवडत होते, आणि ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. त्याच वर्षी तलासरीजवळ झरी येथे वारली शेतकरी वेठबिगारीविरुद्ध एकत्र आले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळी या भागात आदिवासी मुलाला शाळेत बोलावणे म्हणजे काय होते, याची कल्पना यावी.

गावातील बालवाडीत वस्तीवरची मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. लाकडी साधनांची जागा खडे, बिया, शिंपले आणि पाने यांनी घेतली. पुढे १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि निराळाच पेच पुढे आला. मोठी मुले गुरे राखीत, मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही यालाच संधिव्यय म्हणतो, फळ्यावर आलेख काढतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो! फी माफ केली तरी शाळा गरिबाला फुकट पडत नाही. मुलाचे श्रम हीच तिची खरी किंमत असते. ताराबाईंनी ही किंमत कमी केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या, म्हणजे बहिणीने तान्ह्या भावाला कडेवर घेऊन यावे. गुराख्यांसाठी शिक्षकच कुरणावर गेले, आणि गुरे चरत असताना तेथेच वर्ग भरू लागला.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. १९७५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या बालविकास योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, चालविले.

योजनेने अंगण घेतले, पोषण आणि लसीकरण घेतले, हे थोडे नव्हे. परंतु कुटुंबाचा दिवस कसा जातो हे आधी पाहून मग शाळेची वेळ ठरविण्याची जी रीत कोसबाडला होती, ती शासकीय वेळापत्रकात उतरली नाही. ती उतरविणे सोपेही नाही. कुरणावर जाणारा शिक्षक वर्षानुवर्षे त्याच पाड्याशी बांधलेला असावा लागतो, आणि आपल्याकडे त्याची ओळख होते न होते तोच बदलीचा हुकूम येतो.

स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद शासनाने केलेली आहे. पण कोणते कूळ कधी निघणार, मागे आजी राहणार की नाही, थोरली मुलगी बरोबर गेली तर भट्टीवर धाकट्याला कोण पाहणार, हे पाड्यावर बसून आणि वारली बोलीत विचारल्याशिवाय कळत नाही. सायवनच्या शिक्षकाला हे विचारायचे तर ते भाताच्या कापणीपूर्वीच विचारले पाहिजे. दिवाळीनंतर घराला कडी लागलेली असते.