चिंचेखालचे बर्डसाहेब

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटांच्या बैठकीत हिशेबनीस नेमायचा विषय निघाला. पगार थोडाच, पण महिन्याच्या महिन्याला मिळणारा. मी पटकन माझ्या मुलीचं नाव सुचवलं. बी.कॉम. आहे, हिशेबाला चोख आहे, त्यात वावगं काय? कुणी काही बोललं नाही. पण ती शांतता घरी येईपर्यंत मला टोचत राहिली. तेव्हापासून सारखे आठवतायत ते व्हीअर बर्ड.

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी क्रिकेट पाहतात त्यांना अँटिग्वा माहीत असेल. व्हिव रिचर्ड्सचं बेट. लारानं १९९४ मध्ये ३७५ धावा काढल्या, ते मैदान तिथलंच. या कॅरिबियन बेटावर १९१० मध्ये एका गरीब घरात बर्ड जन्मले. शिक्षण शाळेपुरतंच. चहूकडे ऊस, मळे गोऱ्या मालकांचे आणि राबणारे सगळे गुलामांचे वंशज. १९३९ मध्ये तिथे कामगार संघटना निघाली, १९४३ मध्ये बर्ड तिचे अध्यक्ष झाले. उंचापुरा माणूस आणि आवाज खणखणीत!

१९५१ ची गोष्ट तर मला फार आवडते. बेथेस्डा गावात एका चिंचेच्या झाडाखाली मळेवाल्यांचा प्रतिनिधी आणि मजूर समोरासमोर आले. उपाशी मराल, अशी धमकी मिळाली. बर्ड म्हणाले, आम्ही शिंपल्या नि रानभाजी खाऊ, तळ्याचं पाणी पिऊ, पण मागे हटणार नाही. त्याच वर्षी सर्व प्रौढांना मताचा हक्क मिळाला आणि बर्डांच्या पक्षाने आठही जागा जिंकल्या. चिंचेखालची ती बाईमाणसं त्यांना देव मानत असतील, तर त्यात नवल ते काय!

मधली पाच वर्षं, १९७१ ते १९७६, सोडली तर सत्ता त्यांच्याकडेच राहिली. १९८१ मध्ये देश स्वतंत्र झाला, बर्ड पहिले पंतप्रधान. पण तोवर माणूस बदलला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी सरकारला शस्त्रं द्यायची नाहीत असं जगानं ठरवलं असताना, १९७७-७८ च्या सुमारास तोफगोळे अँटिग्वाच्या बंदरातून तिकडे गेले. गुलामांच्या नातवंडांच्या सरकारच्या डोळ्यांदेखत! हे वाचून मी पुस्तक मिटूनच ठेवलं होतं.

आणि घर? धाकटा लेस्टर उपपंतप्रधान, थोरला व्हीअर ज्युनियर मंत्री, तिसऱ्याकडे कुटुंबाचं रेडिओ स्टेशन. लेस्टर काही नालायक नव्हता हो, बॅरिस्टर होता, १९५९ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत लांब उडीचं पदक आणलेला. वडील मुलाचं नाव पुढे करतात तेव्हा मुलगा हुशारच असतो, अडचण तिथेच तर आहे. थोरल्याचं मात्र विमानतळाच्या धावपट्टीच्या कामात नाव आलं, चौकशी झाली, तरी वडिलांनी सांभाळून घेतलं. मग १९९० मध्ये उघड झालं की इस्रायलहून अँटिग्वाच्या नावाने निघालेल्या बंदुका कोलंबियातल्या मादक पदार्थवाल्यांकडे पोचल्या होत्या. ब्रिटिश वकील लुई ब्लॉम-कूपर यांच्या चौकशीत थोरल्यावर ठपका आला, त्याला पुन्हा सरकारी पद देऊ नये असं ठरलं. पण काही वर्षांनी तो धाकट्या भावाच्या मंत्रिमंडळात परत आलाच.

१९९४ मध्ये बर्ड पायउतार झाले, लेस्टर पंतप्रधान झाला, तो २००४ पर्यंत. म्हातारे बर्ड १९९९ मध्ये गेले. विमानतळाला नाव त्यांचंच आहे, राष्ट्रीय वीर म्हणून सन्मानही मिळाला, आणि तोही खोटा नव्हे. चिंचेखाली ते उभे राहिलेच होते. २०१८ मध्ये बर्ड घराण्यातली मरिया निवडून येऊन मंत्री झाली, आणि तेव्हा पंतप्रधान होते तिचेच यजमान.

लेकरांसाठी करायचं नाही तर कुणासाठी, असं माझी आई म्हणायची. बर्डांच्या घरीही कुणी म्हणत असेल.

परवा मी अध्यक्षांना फोन करून मुलीचं नाव मागे घेतलं आणि सगळ्या गावांतून अर्ज मागवा म्हटलं. आता मुलगी रुसलीय. तिलाही अर्ज करता येईल, फक्त निवडीच्या दिवशी मी खोलीत नसेन, एवढं सांगून पाहिलं. अजून बोलत नाही.