दीनांचे कैवारी बिशप लास कासास

ज्युबिलीचे वर्ष म्हणजे परत करण्याचे वर्ष. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे दर पन्नासाव्या वर्षी दास मुक्त होत आणि हातची गेलेली वतने मूळ कुळांस परत मिळत. ह्या मंगल प्रसंगी, परतफेडीचा हा धर्म ज्यांनी स्वतः आचरिला व मग इतरांस सांगितला, त्या एका धर्मगुरूंचे स्मरण करणे उचित होय.

बार्तोलोमे दे लास कासास ह्यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल शहरी झाला. १५०२ साली ते वेस्ट इंडीजमधील हिस्पान्योला बेटावर गेले. तेथील मूळ रहिवासी स्पॅनिश लोकांत वाटून दिले जात. नाव धर्मशिक्षणाचे, प्रत्यक्षात मात्र खाणींत व शेतांत मरेपर्यंत वेठ! लास कासास ह्यांसही असा वाटा मिळाला, व धर्मगुरू झाल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. ह्याच कारणास्तव एका डॉमिनिकन मठवाशाने त्यांस पापक्षमा नाकारली. त्यांनी वाद घातला, परंतु वाटा सोडला नाही.

पुढे १५१४ साली क्युबात पेंतेकॉस्तच्या प्रवचनाची तयारी करीत असता, गरिबांपासून लुबाडलेल्या द्रव्याचे अर्पण ईश्वरास रुचत नाही, ह्या आशयाचा बेन सिराचा उपदेश त्यांच्या वाचनात आला. त्यांचे डोळे उघडले. त्यांनी आपला वाटा सोडला आणि मगच इतरांस उपदेश केला.

त्यानंतर राजदरबारी त्यांनी अखंड खटपट केली. मूळ रहिवाशांस गुलाम करण्याची बंदी करणारे १५४२ चे नवे कायदे हे बहुतांशी तिचेच फळ. चियापासचे बिशप झाल्यावर, १५४५ साली, लुबाडलेले परत केल्यावाचून कोणासही पापक्षमा देऊ नये, असे त्यांनी आपल्या धर्मगुरूंस बजावले. वसाहतवाले खवळले. १५४७ साली बिशप स्पेनला परतले, ते कायमचेच.

त्यांच्या हातून एक घोर प्रमादही घडला. मूळ रहिवाशांचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकी गुलाम आणण्याची शिफारस त्यांनी केली होती. तीही गुलामी तितकीच अन्यायाची, हे उमगल्यावर आपला दोष त्यांनी स्वतःच्याच इतिहासग्रंथात नमूद केला. १५६६ साली माद्रिद येथे त्यांचे देहावसान झाले.

प्रिय धर्मबांधवहो, मजुराची राहिलेली मजुरी, शेजाऱ्याचा कोरलेला बांध, बहिणीचा दडपलेला हिस्सा परत केला काय, हे पापनिवेदनाच्या वेळी विचारण्याचे धैर्य प्रस्तुत लेखकास नेहमीच झाले, असे नाही. ह्या ज्युबिलीत विचारणाऱ्यास धैर्य लाभो आणि ऐकणाऱ्याचा हात मोकळा होवो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.