कर्मवीर कै. भाऊराव पाटील व शिक्षकाची निष्ठा

ज्या पुरुषाने जातीजातींतील भिंती पाडण्यात जन्म घालविला, त्याचे चरित्र ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत द्यावे काय, असा प्रश्न एका स्नेह्यांनी आम्हांस केला. आमचे मत असे की, ते येथेच अवश्य द्यावे. ज्ञातीचा अभिमान कोठे थांबावा, हे ज्यांच्या चरित्रावरून कळते, त्यांत भाऊरावांचे नाव अग्रभागी आहे.

भाऊरावांचा जन्म दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. कोल्हापुरात शिकत असता ते जैन बोर्डिंगात राहिले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर झाला. शालेय विद्या मॅट्रिकपर्यंतही पोचली नाही. साताऱ्यास शिकवण्या करून त्यांनी काही काळ चरितार्थ चालविला. पुढे ओगल्यांची काच व किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याच्या घरातील अज्ञान व दारिद्र्य त्यांनी पाहिले ते या भ्रमंतीत.

१९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले व १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम, सारे मुलांनीच करावयाचे. धान्य संपले तेव्हा सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. पतीच्या ध्येयाचे ओझे या माउलीने घरात किती वाहिले असेल, याचा विचार आमच्या भगिनींनी अवश्य करावा.

१९३५ साली साताऱ्यास शिक्षकांकरिता ट्रेनिंग कॉलेज निघाले. त्यात तयार झालेले तरुण खेड्यांतील व्हॉलंटरी शाळांवर जाऊ लागले. देऊळ, धर्मशाळा, चावडी, मिळेल तेथे शाळा भरे. पगार तुटपुंजा, राहण्याची सोय बेताची. तरीही हे शिक्षक टिकले. का टिकले, हाच आमच्या लेखाचा विषय होय.

भाऊरावांचा दरारा मोठा होता. धिप्पाड देह, पांढरी दाढी, रागही तसाच. परंतु रागावणारा हा माणूस आजारी मुलाच्या उशाशीही बसे. अशा माणसासाठी कोण राबणार नाही? मात्र केवळ एका पुरुषाच्या प्रभावावर उभी राहिलेली निष्ठा त्याच्याबरोबरच जाते. भाऊरावांनी तिची रीत करून ठेविली. शिक्षकाने मुलांत राहावे, त्यांच्याबरोबर श्रम करावे, काल शिकलेल्याने आज शिकवावे, आणि संस्थेच्या कारभारात आजीव सेवकांस स्थान असावे, अशी ती रीत. पी. जी. पाटील लहानपणी त्यांच्या छायेत वाढले, बॅरिस्टर होऊन संस्थेतच अध्यापनास आले व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दि. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले, तरी वटवृक्ष हे बोधचिन्ह असलेली त्यांची संस्था वाढतच राहिली.

आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो व त्यातच केस पांढरे केले. एका शाळेत मुख्याध्यापकांचे लक्ष केवळ हजेरीपटावर व घड्याळावर असे. तेथे आम्हीही घड्याळाकडेच पाहू लागलो. दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापक मधल्या सुट्टीत आमच्यात बसत व मागे पडलेल्या मुलाची नावानिशी चौकशी करीत. तेथे शाळा सुटल्यावरही आमचे पाय घराकडे वळत नसत. पगार तोच, आम्हीही तेच. बदलले होते ते वातावरण. पहिल्या शाळेतील आमच्या विद्यार्थ्यांचे आम्ही देणे लागतो, ही खंत आजही मनातून जात नाही. त्या शाळेतही एक सहाध्यापक पदरमोड करून मुलांस शिकवीत. स्वभावाचे बळ असते, हे खरेच. पण असे स्वभाव थोडे, आणि शाळा पुष्कळ.

एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. कर्मवीरांच्या त्यागाचे नाव घेऊन तासिका तत्त्वावरील तरुण शिक्षकांस वर्षानुवर्षे अपुऱ्या मानधनावर राबविणे, हा त्या त्यागाचा अपमान होय. भाऊरावांनी त्याग मागितला, पण प्रथम तो आपल्या घरातून दिला. ज्याने स्वतः काही दिले नाही, त्यास दुसऱ्याजवळ मागण्याचा अधिकार नाही.

सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती एवढीच की, आपल्या मुलांच्या शिक्षकांस वर्षातून एकदा तरी घरी बोलवावे, त्यांच्या अडचणी पुसाव्यात. आणि घरातील एखादा हुशार मुलगा वा मुलगी शिक्षक होऊ म्हणेल, तर तिला वा त्याला मागे ओढू नये. कर्मवीरांचे एवढे ऋण फेडणे आपल्या हाती आहे.